‘१९८४’ वाचून झालं, आता कोणतं? इंदूरच्या मराठी वाचकासाठी डिस्टोपियन कादंबऱ्यांची वाट

डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या भयाण समाजाचं चित्र रंगवणाऱ्या कादंबऱ्यांचा नाद बहुतेकांना जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मुळे लागतो, काहींना ‘ॲनिमल फार्म’मुळे. तिथपर्यंत सगळं सुरळीत असतं. मग माणूस ‘मरण्यापूर्वी वाचाच’ छापाच्या याद्यांत शिरतो, उत्साहाच्या भरात तीन-चार पुस्तकं एकदम मागवतो आणि त्यातलं एकही पुरं होत नाही. इंदुरात आणखी एक गुंता आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि अभ्यास इंग्रजीत, त्यामुळे वाचायचं कोणत्या भाषेत हेही ठरत नाही. ओळखीतल्या बऱ्याच जणांना या वाटेवर अडकताना पाहिलंय आणि त्यांना जे तोंडी सांगत आलो, तेच इथे क्रमाने लिहून ठेवतो.

१. आधी हे जवळ असू द्या

- शिसपेन्सिल. कोण बोलतंय, ही गोष्ट आजची की आठवणीतली, अशा खुणा समासात कराव्या लागतात.
- पुस्तकात ठेवायला एक कोरा कागद. नावं, हुद्दे आणि त्या जगातले खास शब्द त्यावर उतरवायचे.
- फोनमधला शब्दकोश. मात्र वाचून होईपर्यंत पुस्तकाचं नाव सर्चमध्ये टाकू नका. टाकलंत तर पहिल्या दोन ओळींतच शेवट कळतो.
- ग्रंथालयातून आणणार असाल तर सभासदत्व. त्यासाठी सहसा ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम लागते. अनामतीची पावती सांभाळा, ती दाखवल्याशिवाय पैसे परत मिळवताना वाद होतात.
- आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाबद्दल दोन ओळी: त्यात भीती कशाची वाटली आणि काय पटलं नाही.

ही शेवटची गोष्ट लोक हटकून टाळतात. पण निवड तिच्यावरच होते.

२. मागच्या पुस्तकाशी भांडणारं पुस्तक घ्या

‘आवडलं तसंच आणखी एक’ हा हिशेब रहस्यकथांना चालतो. इथे तो फसतो. ऑर्वेलनंतर पुन्हा हेरगिरी, छळ आणि भिंतीवरचे डोळे घेतलेत, की दुसरं पुस्तक पहिल्याची फिकी नक्कल वाटतं, मग ते आधी लिहिलेलं असलं तरी. म्हणून पुढचं पुस्तक असं घ्या, जे मागच्याला म्हणेल, ‘छे, असं नाही होणार, वेगळंच होईल.’

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. हे लेखक खरोखर एकमेकांशी वाद घालत होते. ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ लिहिणाऱ्या ऑल्डस हक्सलीने इंग्लंडातल्या ईटनच्या शाळेत काही काळ फ्रेंच शिकवलं आणि तेव्हा ऑर्वेल तिथे विद्यार्थी होता. १९४९ मध्ये ‘१९८४’ निघाल्यावर हक्सलीने त्याला पत्र लिहिलं. पुस्तकाची तारीफ केली आणि लगोलग मतभेदही नोंदवला. राज्यकर्त्यांना दंडुके आणि तुरुंग फार काळ परवडणार नाहीत. लहानपणापासून मनाला वळण लावून माणसांना गुलामीच आवडायला लावणं जास्त सोपं पडेल, असं त्याचं म्हणणं. त्याआधी, १९४६ मध्ये, ऑर्वेलने रशियन लेखक येवगेनी झाम्यातिनच्या ‘वी’ या कादंबरीवर परीक्षण लिहिलं होतं आणि हक्सलीची कादंबरी काही अंशी त्यावरूनच आलेली असावी असा टोला मारला होता. हक्सलीने आपण ते पुस्तक वाचलंच नव्हतं असं सांगितलं. हा वाद ज्या क्रमाने ऐकाल, त्या क्रमाने पुस्तकं उघडत जातात.

३. अजून काहीच वाचलं नसेल, तर देवासपासून निघा

चेष्टा नाही. इंदूरपासून ३५-४० किलोमीटरवरच्या देवासमध्ये, थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून १९२१ मध्ये एक इंग्रज लेखक राहिला होता. त्याचं नाव ई. एम. फॉर्स्टर. तिथल्या पत्रांचं आणि आठवणींचं त्याचं पुस्तक ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ मध्ये आलं. त्या नावातली टेकडी म्हणजे आपण नवरात्रात जिच्या पायऱ्या चढतो तीच. ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागातला कृष्णजन्माचा सोहळा त्याने देवासच्या गोकुळाष्टमीवरून घेतला. हे सगळं पुष्कळांना ठाऊक असतं. मात्र याच गृहस्थाने भारतात पाऊल टाकण्याआधी, १९०९ मध्ये, ‘द मशीन स्टॉप्स’ नावाची दीर्घकथा लिहिली होती, हे फारसं कुणी सांगत नाही.

कथेत माणसं जमिनीखाली, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या एकेकट्या खोल्यांत राहतात. खाणं, अंघोळ, संगीत, औषध, सगळं बटणावर येतं. वाश्टी नावाची बाई खुर्चीतून न उठता हजारो लोकांच्या ‘संपर्कात’ असते. तिचा मुलगा कुनो जगाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो हातातल्या तबकडीवर दिसतो आणि म्हणतो, मला तुझ्याशी या यंत्रातून बोलायचं नाही, तू इथे ये. नाइलाजाने ती विमानात बसते. खाली हिमालय येतो. ती खिडकी झाकायला सांगते, कारण या डोंगरांतून तिला काही सुचत नाही. ही ओळ वाचून झाली की वंदे भारतमध्ये खिडकीपाशी बसून रील्स बघणाऱ्या सहप्रवाशाकडे जरा वेगळ्या नजरेने बघाल.

कथा एका बैठकीत संपते. स्वतंत्र पुस्तक मिळालं नाही तर फॉर्स्टरच्या ‘द इटर्नल मोमेंट’ या १९२८ च्या संग्रहात ती आहे. ही भावली तर या प्रकारात पुढे जा, नाही भावली तर तीनशे पानांचा ऑर्वेल विकत घेऊन कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.

घरातल्या शाळकरी मुलाला सुरुवात करून द्यायची असेल तर मात्र ‘ॲनिमल फार्म’च बरं. शंभरेक पानं, सरळ भाषा, प्राणी. त्यामागचा रशियन क्रांतीचा संदर्भ त्याला आधी समजावत बसू नका. बॉक्सर घोड्याचं काय होतं ते वाचून तो स्वतःच विचारायला येईल.

४. ऑर्वेल झाला असेल, तर हक्सली

‘१९८४’ वाचून ‘एवढं सगळं मारूनमुटकून कोण करेल, लोक तर आपणहूनच फोन चार्ज करून हातात घेऊन बसलेत’ असं तुमच्या दोन ओळींत लिहिलं असेल, तर तुमचं पुढचं पुस्तक ठरलं: ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, १९३२.

इथे कुणी कुणाला मारत नाही. माणसं बाटल्यांत तयार होतात आणि तिथेच त्यांची प्रत ठरते: आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. प्रत्येकाच्या कपड्यांचा रंगही ठरलेला. हक्सलीने या गटांना सरळ जाती म्हटलंय, आणि म्हणून मला वाटतं हे पुस्तक लंडनच्या वाचकापेक्षा आपल्याला जास्त लागतं. आपल्या जातीत आपण किती सुखी आहोत हे मुलांना झोपेत शेकडो वेळा ऐकवलं जातं. बीटा मुलीला आपण बीटा असल्याचा आनंद असतो. आल्फांना फार काम पडतं बाई, आणि गॅमा तर मूर्खच!

दुसऱ्या प्रकरणातलं एक दृश्य सांगतो, तेवढं सांगितल्याने काही बिघडत नाही. खाकी कपड्यांतली आठ महिन्यांची डेल्टा बाळं जमिनीवर सोडतात. समोर रंगीत चित्रांची पुस्तकं आणि गुलाबाची फुलं. बाळं हसत, रांगत तिथवर पोचतात, पानांना हात लावतात, पाकळ्या कुस्करतात. आणि मग भोंगा वाजतो, जमिनीतून विजेचा झटका बसतो. हे पुन्हा पुन्हा केलं, की ती मुलं पुस्तकांना आणि फुलांना जन्मभर भितात. संचालक हे सगळं शिकाऊ विद्यार्थ्यांना उत्साहाने समजावून सांगत असतो. भंवरकुआँच्या कोचिंगच्या गल्लीतून ये-जा करणाऱ्याला त्या आवाजातला उत्साह ओळखीचा वाटावा.

मोठे झाल्यावर दुःख वाटलंच तर सोमाची गोळी आहे. हे नाव थेट वेदांतल्या सोमरसावरून घेतलेलं.

अडचण कुठे येते? तिसऱ्या प्रकरणात. तिथे हक्सली तीन-चार ठिकाणची संभाषणं एकमेकांत कापून लावतो. सुरुवातीला परिच्छेद, मग दोन ओळी, मग एकेक वाक्य. पुष्कळ जण इथेच पुस्तक मिटतात. पेन्सिल इथे काढा. नियंत्रक मुस्तफा माँड, लेनिना आणि तिची मैत्रीण, बर्नार्ड, अशा तीन खुणा ठरवा आणि समासात करत जा. दहा-बारा पानं सोसलीत की पुढचा रस्ता सरळ आहे. शेवटाकडे या जगाबाहेर वाढलेला जॉन आणि मुस्तफा माँड यांचा वाद येतो, प्रकरण सोळा आणि सतरा. ही दोन प्रकरणं सकाळच्या ताज्या डोक्याने वाचा. मला विचाराल तर या संपूर्ण साहित्यप्रकारातला सर्वांत प्रामाणिक वाद तो आहे, कारण त्यात हुकूमशहाचं म्हणणंही पटत राहतं.

५. हक्सली झाला असेल, तर दोन फाटे

पहिला फाटा रे ब्रॅडबरीचा, ‘फॅरनहाइट ४५१’, १९५३. पुस्तकं जाळणारे अग्निशामक, एवढंच याच्याबद्दल ऐकलेलं असतं, आणि त्यामुळे ही सरकारी बंदीची गोष्ट असेल असा समज होतो. पण अग्निशामकांचा प्रमुख कॅप्टन बीटी नायक माँटॅगला जे सांगतो ते नीट ऐका: हे वरून आलं नाही. आधी लोकांनीच वाचणं सोडलं, मजकूर आखूड होत गेला, कुणी दुखावलं जाऊ नये म्हणून धार बोथट केली गेली, आणि आग सगळ्यांत शेवटी आली. माँटॅगची बायको मिल्ड्रेड कानात छोटे रेडिओ घालून झोपते आणि तीन भिंतींवर टीव्ही असूनही चौथी भिंत हवी म्हणून नवऱ्यामागे लागते. पुस्तक लहान आहे, पण पहिली वीस पानं उपमांनी गच्च भरलेली आहेत. प्रत्येक उपमेपाशी थांबू नका, पुढे चला.

दुसरा फाटा मागे जातो, झाम्यातिनच्या ‘वी’कडे. १९२०-२१ मध्ये लिहिलेलं, १९२४ मध्ये इंग्रजीत आलेलं आणि लेखकाच्या स्वतःच्या देशात १९८८ पर्यंत छापलंच न गेलेलं हे पुस्तक. झाम्यातिन जहाजं बांधणारा इंजिनीअर होता, बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या कामासाठी इंग्लंडात राहून आलेला. म्हणून त्याच्या राज्यात सगळं गणिताने चालतं. घरं काचेची, माणसांना नावांऐवजी आकडे, सगळ्यांचं उठणं, जेवणं आणि फिरणं एका वेळापत्रकावर. पडदे पाडायचे तर गुलाबी चिठ्ठी लागते. इंजिनीअरिंग केलेल्यांना हे पुस्तक विशेष आवडेल, कारण निवेदक डी-५०३ हाही इंजिनीअरच आहे आणि √−१ त्याला रात्री छळतो. वाक्यं अर्धवट तुटतात, डॅशवर डॅश येतात. ते छपाईचे दोष नव्हेत, माणूस आतून फुटत चालल्याची ती खूण आहे.

६. ‘यात बायका कुठे आहेत?’ असं लिहिलं असेल, तर

हा आक्षेप रास्त आहे. ऑर्वेलची ज्युलिया काय किंवा हक्सलीची लेनिना काय, दोघी नायकाच्या गोष्टीत येऊन जातात. मार्गारेट ॲटवुडचं ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) घ्या. तिने ते १९८४ मध्ये, भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला घेतलं आणि एक नियम पाळला: माणसांनी इतिहासात कुठे ना कुठे खरोखर केलेलं नाही असं काहीही पुस्तकात घालायचं नाही.

त्यातला सर्वांत थंड प्रसंग फाशीचा किंवा छळाचा नाही. नायिका कोपऱ्यावरच्या दुकानात जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. मशीन बिघडलं असेल असं तिला वाटतं. त्याच दिवशी ऑफिसातून सगळ्या बायकांना घरी पाठवतात. मग कळतं, बायकांची खाती गोठवली आहेत आणि पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात गेले आहेत. नवरा समजूत घालतो, मी आहे ना. हे वाचल्यावर घरातल्या आई-मावशींना विचारा, त्यांचं स्वतःच्या नावाचं खातं कधी उघडलं आणि ते कोण चालवतं.

पुस्तकात काळ सारखा पुढे-मागे होतो, आणि आठवणींत अवतरणचिन्हं नसतात. आधीचं लग्नाचं आयुष्य, प्रशिक्षणाचं केंद्र आणि आत्ताचं घर, हे तीन काळ कागदावर लिहून ठेवा. शेवटची ‘हिस्टॉरिकल नोट्स’ गाळू नका आणि आधीही वाचू नका. ती संपली की उठून ‘१९८४’चं परिशिष्ट पुन्हा काढा, ते न्यूस्पीकच्या, म्हणजे त्या राजवटीने घडवलेल्या भाषेच्या तत्त्वांचं. ते साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलंय. म्हणजे ते लिहिणारा माणूस त्या राजवटीनंतरचा असणार, असं ॲटवुडचं वाचन आहे. आपल्या पुस्तकाच्या शेवटी तिने तीच युक्ती वापरली.

अँथनी बर्जेसचं ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ आणि काझुओ इशिगुरोचं ‘नेव्हर लेट मी गो’ ही दोन नावंही याद्यांत दिसतील. पहिल्यात हिंसा फार आहे आणि रशियन शब्दांवरून बनवलेली टपोरी बोली आहे, ते तिसऱ्या-चौथ्या पुस्तकानंतर घ्या. दुसरं शांत आहे, इतकं शांत की ते डिस्टोपियन आहे हे अर्ध्यावर कळतं. म्हणून त्याचं मलपृष्ठसुद्धा वाचू नका.

७. भाषा ठरवा

‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ची मराठी आणि हिंदी भाषांतरं आहेत. इंदुरात हिंदी प्रत पटकन हाती लागते, मराठीसाठी पुण्या-मुंबईहून मागवावी लागेल किंवा महाराष्ट्र साहित्य सभेत चौकशी करावी लागेल. माझा सल्ला असा: ऑर्वेल शक्यतो इंग्रजीतच वाचा, त्याची वाक्यं सरळ आहेत आणि बारावीच्या इंग्रजीवर निभावतं. हक्सलीला शब्दकोश लागतो, जॉनच्या तोंडी शेक्सपिअर येतो. ‘वी’ मूळ रशियन, त्यामुळे इंग्रजी प्रतही भाषांतरच असते. मुखपृष्ठावर भाषांतरकाराचं नाव बघा. नेटवर मोफत मिळतं ते बहुधा ग्रेगरी झिलबूर्गचं १९२४ चं. क्लॅरेन्स ब्राऊन किंवा नताशा रँडलचं मिळालं तर आजच्या वाचकाला ते सोपं जातं.

हिंदीत वाचलं तर आपण काही कमी पडलो असं वाटून घेऊ नका. आपण इंदूरचे, हिंदी आपल्याला परकी कधी होती?

८. प्रत घेताना

राजवाड्याजवळच्या खजूरी बाजारात जुनी-नवी पुस्तकं मिळतात, पण तिथला मुख्य धंदा शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. नुसतं ‘१९८४ आहे का’ असं विचारलंत तर ‘कौनसे सब्जेक्ट का?’ असा उलट प्रश्न येऊ शकतो. आधी लेखकाचं नाव सांगा. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत जाऊ नका, दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो.

हातात आलेली प्रत अशी तपासा:

- भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ऑर्वेल १९५० मध्ये गेला, म्हणून २०११ पासून त्याची पुस्तकं कुणीही छापू शकतो, आणि छापतोही. हक्सलीचं तेच, २०२४ पासून. त्यामुळे स्वस्त प्रती कायदेशीर असल्या तरी मुद्रितशोधन कुणी केलंय याचा भरवसा नाही. मधलं कुठलंही पान उघडून दहा ओळी वाचा.
- ‘१९८४’च्या शेवटी परिशिष्ट आहे का बघा. नसेल तर ठेवून द्या.
- मुखपृष्ठावर बारीक अक्षरांत ‘ॲब्रिज्ड’ (संक्षिप्त) लिहिलेलं नाही ना? विद्यार्थ्यांसाठीच्या प्रतींत हे हमखास असतं.
- ‘क्लॉकवर्क ऑरेंज’मध्ये सात-सात प्रकरणांचे तीन भाग हवेत, एकूण २१. जुन्या अमेरिकी प्रतींत १९८६ पर्यंत शेवटचं प्रकरण नव्हतं, आणि त्याने अख्ख्या पुस्तकाचा अर्थ बदलतो.
- ‘फॅरनहाइट ४५१’ची सत्तरच्या दशकातली बॅलेंटाइन या प्रकाशनाची जुनी प्रत सापडली तर जपून. शाळांसाठी परस्पर कापाकापी केलेली आवृत्ती त्या काळात बाजारात होती. १९७९ मध्ये ते लेखकाच्या लक्षात आलं आणि मग मूळ मजकूर परत छापला गेला. सेन्सॉरशिपच्या कादंबरीवरच सेन्सॉरशिप! वाचायला घेऊ नका, पण गंमत म्हणून घरात ठेवायला हरकत नाही.
- ब्रॅडबरी, ॲटवुड, इशिगुरो यांचे हक्क अजून कायम आहेत. फुटपाथवर त्यांची कोरी प्रत फारच स्वस्त मिळत असेल तर ती पायरेटेड समजा. त्यांत पानं उलटी लागलेली किंवा गायब असतात.

९. अडकलात तर

‘१९८४’मध्ये अडकायची ठरलेली जागा म्हणजे दुसऱ्या भागातलं गोल्डस्टाइनचं पुस्तक. नायक विन्स्टन ते वाचत बसतो आणि आपणही. पहिल्या वाचनात ते भराभर चाळा, पण ‘युद्ध चालू का ठेवायचं’ हा भाग तेवढा नीट वाचा. सलग दोन डिस्टोपियन कादंबऱ्या घेऊ नका. मध्ये काहीतरी हसवणारं घ्या, नाहीतर दुसऱ्या पुस्तकाला पहिल्याचा कंटाळा चिकटतो.

आणि बरोबर कुणी असेल तर एकच पुस्तक दोघांनी वाचण्याऐवजी एकाने ऑर्वेल आणि दुसऱ्याने हक्सली घ्यावा, तारीख ठरवून अदलाबदल करावी. मग छप्पन दुकानवर बसून कुणाचं जग आधी येणार यावर भांडा. पोहे थंड होतील, दुसरी प्लेट सांगा.